टोन, कंडेन्सर आणि २४७ व्होल्ट

परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका शनिवारी सकाळी मी साडेचार हजार रुपयांचे तीन कपॅसिटर सॅकमध्ये टाकून कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसलो. तीन कपॅसिटर. साडेचार हजार. आईला मी आकडा साडेचारशे सांगितला, आणि तरीही ती म्हणाली, "एवढ्याशा वस्तूला?"

तर मंडळी, आजचं पुराण गिटार ॲम्पचं आहे. ज्यांना गिटारशी देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण शेवटी मुद्दा आपल्या सगळ्यांचाच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड व्हॉल्व्हचा ॲम्प घेतला. पाच वॅटचा, छोटासा. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात फेंडर कंपनीचा 'चॅम्प' नावाचा ॲम्प निघाला होता, त्याच्या सर्किटवर बेतलेला. आत तीनच व्हॉल्व्ह. गिटारचा बारीक सिग्नल मोठा करायला एक १२एएक्स७, स्पीकर हलवायला एक ६व्ही६ आणि एसीचं डीसी करायला ५वाय३. ट्रान्झिस्टरच्या जमान्यात ही काचेची भांडी कशाला, असं कोणी विचारेल. कारण साधं आहे. व्हॉल्व्हवर जास्त भार टाकला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू जाड होत जातो. गिटारवाल्या पब्लिकला तो जाडपणाच हवा असतो. त्यालाच 'टोन' म्हणतात, आणि या एका शब्दापायी माणसं कर्जबाजारी होतात.

माझ्या ॲम्पचा टोन काही बरा नव्हता. खालचे सूर गुबगुबीत, वरचे डब्यातून आल्यासारखे, आणि मागे सतत एक घुं-घुं. मी काय केलं? आंतरजालावर वाचलं. रात्र-रात्र वाचलं. तिथे प्रत्येकाचा एकच उपदेश, पार्ट बदल. अमुक कपॅसिटर लाव, आवाज 'उघडतो'. तमुक लाव, आवाज 'मधाळ' होतो. मी दिवसभर ऑफिसात लोकांना सांगत असतो की लॉग बघितल्याशिवाय कोड बदलू नका, आणि इथे एकही माप न घेता ऑर्डर देऊन मोकळा झालो.

ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ॲम्प मोठा करायची सोय नाही, म्हणून कामाला मुरबाडचं घर. तिथे आमच्या आळीत एक काका राहतात. आता सत्तरी उलटली आहे. तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे, आणि लग्नसराईत आणि म्हशाच्या जत्रेत लाउडस्पीकर लावायचे. म्हसा मुरबाड तालुक्यातच आहे. पौष पौर्णिमेला जत्रा भरते, बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे. त्या गोंगाटात आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा हा काकांचा धंदा. ते आवाज ऐकून आले आणि ओसरीवर उभे राहून म्हणाले, "काय रे, हे काय उघडून बसलास?"

मी कपॅसिटर दाखवले. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट केला. "कंडेन्सर चांगला दिसतोय. पण जुना खराब झालाय का?"

"नाही, तसं नाही काका. याने टोन सुधारतो."

"व्होल्टेज मोजलंस?"

नव्हतं मोजलं.

"अर्थिंग?"

तेही नाही.

काका काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांचा मीटर घेऊन आले. इंजिनिअरिंगची चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि त्यात कुठेही मला लपायला जागा सापडली नाही.

पहिली गोष्ट निघाली ती घरातल्या प्लगची. तिसऱ्या पिनेची अर्थिंगची तार मागे सुटून नुसती लोंबकळत होती. यात गंमत नाही. गिटारच्या तारा ॲम्पच्या चासीला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं थेट चासीवर. आत कुठे मेनची तार चासीला लागली आणि अर्थिंग नसेल, तर वाजवणारा माणूसच अर्थिंग होतो. मी पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, अनवाणी बसून वाजवत होतो. टोन सुधारायला!

दुसरी गोष्ट काकांनी मोजण्याआधी शिकवली. काळी तार क्लिपने चासीला लावायची, लाल तार उजव्या हातात, आणि डावा हात खिशात. शॉक बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जाऊ नये म्हणून. ॲम्प बंद करून प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साडेतीनशे-पावणेचारशे व्होल्ट साठून राहू शकतात. ते १०० किलोओहमच्या पाच वॅटच्या रेझिस्टरमधून वीस-तीस सेकंद रिकामे करायचे, आणि मग मीटरवर शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. स्पीकर न जोडता ॲम्प चालवायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. यातली शेवटची गोष्ट मला माहीत होती. बाकीच्या माहीत असून मी करत नव्हतो.

मग आकडे आले. प्लगमध्ये २४७ व्होल्ट. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं २२०. म्हणजे बारा टक्के जास्त. त्याचे परिणाम आत सगळीकडे. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, मिळत होते ७ च्या वर. ६व्ही६ ला ३७५ व्होल्ट पोचत होते, आणि त्याच्या कॅथोडच्या ४७० ओहमच्या रेझिस्टरवर २२ व्होल्ट पडत होते. भागाकार केला तर जवळजवळ ४७ मिलिअँपिअर. स्क्रीनचा वाटा वजा केला तरी त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर साडेपंधरा वॅटची उष्णता. ६व्ही६ ची मर्यादा जुन्या पद्धतीने १२ वॅट, नंतरच्या पद्धतीने १४. माझा व्हॉल्व्ह दोन वर्षं तापात फणफणत होता आणि मी त्याला 'टोन बरा नाही' म्हणत होतो.

नवीन व्हॉल्व्ह म्हणजे स्वस्त वस्तू नव्हे. आपल्याकडे बंगळूरच्या बीईएलने एके काळी व्हॉल्व्ह बनवले, काकांच्या पत्र्याच्या डब्यात अजून चार-पाच आहेत. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाच्या निर्यातीचा प्रश्न आला तेव्हा जगभर किमती उसळल्या होत्या. असा माल आपण नुसत्या जास्त व्होल्टेजने जाळत असू, तर साडेचार हजारांच्या कपॅसिटरला काय अर्थ आहे?

उपाय काकांनी सांगितला तो ऐकून मी चाट पडलो. ॲम्पमध्ये काहीच करायचं नाही. २४ व्होल्टचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि त्याची २४ व्होल्टची बाजू मेनच्या ओळीत उलट्या दिशेने जोडायची. मग तेवढे व्होल्ट वजा होतात. दिशा चुकली तर वजा होण्याऐवजी मिळवले जातात, म्हणून ॲम्प लावण्याआधी मीटरने बघायचं. बंद पेटीत, फ्यूज घालून, त्यांच्या देखरेखीखाली आम्ही तो बसवला. २४७ चे झाले २२१. हीटर ६.३ वर आला. ६व्ही६ साडेबारा वॅटच्या आसपास. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज आपोआप खाली येतं, तेव्हा ॲम्प बंद करून एका स्विचने तो ट्रान्सफॉर्मर बाजूला काढायचा.

आणि आवाज? बदलला. थोडा मऊ झाला, लवकर जाड व्हायला लागला. एडी व्हॅन हेलन आपल्या मार्शल ॲम्पला व्हेरिॲकने व्होल्टेज कमी करून द्यायचा, त्या आवाजाची जगभर पूजा होते. आमच्या मुरबाडला व्होल्टेज मुळात इतकं जास्त होतं की आम्ही फक्त जमिनीवर आलो, एवढाच फरक.

घुं-घुं मात्र राहिली. तिची गोष्ट मला सगळ्यात आवडली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. रेक्टिफायरनंतर कपॅसिटर भरतो आणि पुढचा धक्का येईपर्यंत त्यातली वीज वापरली जाते. तिकडे दोन धक्क्यांत ८.३ मिलिसेकंदांचं अंतर, इकडे १० चं. म्हणजे तोच कपॅसिटर आपल्याकडे वीस टक्के जास्त वेळ किल्ला लढवतो, आणि तेवढी लाट जास्त उरते. ती लाट म्हणजेच १०० हर्ट्झची घुं-घुं. त्यात माझ्या ॲम्पमधला पहिला इलेक्ट्रोलिटिक वाळून गेलेला. पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून २२ मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टचे दोन नवे आणले. दोन्ही मिळून एका वडापाव-चहाच्या पार्टीएवढा खर्च. मी शंभर मायक्रोफॅरडचाच लावूया म्हणत होतो, काका नको म्हणाले. प्रत्येक धक्क्याला एवढा मोठा कपॅसिटर भरताना ५वाय३ वर ताण येतो. घुं-घुं जवळपास गेली.

तिसरी गोष्ट स्पीकर. काकांच्या माळ्यावर एका जुन्या रेडिओग्रामचा दहा इंची स्पीकर लाकडी खोक्यासकट पडला होता. याच ठाण्यात कधी काळी मर्फीचे रेडिओ बनायचे, त्या काळातला. ४ ओहमच्या आसपासचा, म्हणजे माझ्या ॲम्पला चालण्यासारखा. जोडला आणि पहिल्याच कॉर्डला मी आणि काका एकमेकांकडे बघत राहिलो. डबा गेला! आठ इंची छोट्या स्पीकरमधून जे दोन वर्षं अडकलं होतं ते मोकळं झालं. फुकटात.

आता राहिले माझे साडेचार हजार. ते वाया गेले असं मान्य करायला मी तयार नव्हतो. म्हणून मी एक प्रयोग केला. साधा पॉलिएस्टरचा कपॅसिटर आणि महागाचा, दोन्ही ०.०२२ मायक्रोफॅरडचे, एका स्विचवर बसवले. माझा आतेभाऊ ॲम्पच्या मागे बसला. तो नाणं उडवणार, छाप आला तर महागाचा, काटा आला तर साधा. मी पाठ करून तीच एक ओळ वाजवणार आणि सांगणार. दहा वेळा केलं. पाच बरोबर, पाच चूक. म्हणजे माझे कान त्या नाण्याइतकेच हुशार निघाले.

मग त्याच पद्धतीने दुसरी गोष्ट तपासली. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. त्याच्या जागी ०.६८ चा लावला की साधारण १५० हर्ट्झच्या खाली गेन निम्म्यावर येतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, तिचा गुबगुबीतपणा त्यामुळे कमी होतो. हा पार्ट काही रुपयांचा. दहापैकी दहा बरोबर!

इथे कुणी म्हणेल, बाबा रे, तुझे कान नसतील तयार. असेल. महागाचा कपॅसिटर वाईट असतो असं माझं म्हणणं नाहीच. जुना कागदी कपॅसिटर गळायला लागला तर ६व्ही६ च्या ग्रिडवर नको ते व्होल्टेज जातं आणि प्लेट लाल होते, तो बदललाच पाहिजे. व्हॅल्यू बदलली की आवाज बदलतो हेही खरं. पण चांगल्या पार्टच्या जागी त्याच व्हॅल्यूचा भारीतला पार्ट लावून आवाज 'उघडला' असं ज्याला वाटतं, त्याने एकदा पाठ करून ऐकावं आणि दुसऱ्याला नाणं उडवायला सांगावं. आणि दोन्हींचा आवाज सारखा मोठा ठेवावा. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. हे मी फीडबॅकचा २२ किलोओहमचा रेझिस्टर काढून बघितला तेव्हा कळलं. 'काय टोन आहे!' असं ओरडलो, मग व्हॉल्यूम जुळवला आणि निम्मा टोन गायब झाला.

पण प्रयोगाची खरी मजा नंतर आली. आतेभाऊ माझ्याहून लहान, आणि हळदीला, लग्नाला बेंजो वाजवतो. बेंजो म्हणजे आपला तो टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचा, पोलादी तारांचा, लोक बुलबुल तरंग म्हणतात तो. मूळ जपानी वाद्य. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो बनवलं, त्याचा हा आपल्याकडचा अवतार. ठाणे-रायगडात हळदीला बेंजो नसेल तर ती हळद कसली? रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' सिनेमा काढला, तोही याच वाद्यावर. भावाने तो माझ्या ॲम्पला जोडला.

०.६८ वर ठेवून वाजवला आणि त्यानेच तोंड वाकडं केलं. "दादा, कानात टोचतोय हा." मी स्विच २५ वर टाकला. जो आवाज मी गिटारसाठी गुबगुबीत म्हणून फेकून देणार होतो, तोच बेंजोखाली असा काही बसला की काका ओसरीवरून उठून आत आले. बेंजोचा आवाज मुळात पातळ, त्याला खालचा भराव हवा. गिटारला नको.

म्हणजे 'चांगला टोन' नावाची गोष्ट त्या ॲम्पमध्ये नव्हतीच. ती कुठलं वाद्य, कुठली वीज, कुठली खोली यावर होती.

मला वाटतं ॲम्पचा इतिहासही हेच सांगतो. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात फुलर्टनला १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. आमच्या काकांचाच धंदा. पुढे १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बासमन ॲम्पची नक्कल करायला घेतली. पण सगळे अमेरिकन पार्ट तिकडे सहज आणि परवडतील असे मिळेनात. मग तिकडचे ट्रान्सफॉर्मर, पुढे तिकडचे केटी६६ व्हॉल्व्ह, तिकडचे सेलेशनचे स्पीकर. नक्कल हुबेहूब झाली नाही, आणि त्या न जमलेल्या नकलेतून मार्शलचा आवाज आला. त्यांनी हातात होतं त्याचं माप घेतलं, कान लावला आणि जुळवून घेतलं. आज आपण त्यांच्या पार्टची यादी पाठ करतो आणि त्यांची पद्धत सोडून देतो.

माझं मत एवढंच आहे. ॲम्प सुधारायचा असेल तर खरेदीने सुरुवात करू नका. आधी अर्थिंग, मग व्होल्टेज, मग वाळलेले कपॅसिटर, मग स्पीकर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. एवढं झाल्यावरही मन भरलं नाही तर खुशाल भारीतले पार्ट घ्या, हौसेला मोल नसतं. पण त्याला हौस म्हणा, टोन म्हणू नका. आणि आयुष्यात कधी आत हात घातला नसेल तर पावणेचारशे व्होल्टवर शिकायला सुरुवात करू नका. जवळपास एखादे काका असतील, त्यांना गाठा.

आणि लवकर गाठा. गावागावांत व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेली ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या दुकानांचे गाळे आता मोबाइल रिचार्जवाल्यांकडे आहेत. त्यांना जे येतं ते माझ्या डिग्रीच्या पुस्तकात होतं, पण डावा हात खिशात घालायचा हे पुस्तकात नव्हतं. मी आता एका विकांताआड मुरबाडला जातो. काकांच्या डब्यातल्या व्हॉल्व्हवर चिठ्ठ्या लावायचं काम चालू आहे. ते सांगतात, मी लिहितो.

स्विचच्या एका बाजूला मी मार्करने 'गिटार' लिहिलंय, दुसऱ्या बाजूला 'बेंजो'. येत्या लग्नसराईत भाऊ ॲम्प घेऊन जाणार म्हणतोय. मंडपात पाच वॅट पुरणार नाहीत असं मी म्हटलं, तर काका म्हणाले, "समोर माइक धर, पुढचं मी बघतो. म्हशाला पुरलंय, तुमच्या हळदीला नाही पुरणार?"

ते महागाचे कपॅसिटर अजून सॅकमध्येच आहेत. कोणाला हवे असतील तर सांगा. अर्ध्या किमतीत देईन. आईला मात्र खरा आकडा सांगू नका :)